वेबसाइटचे कोणते फ्रेमवर्क शिकावे?





एसएसएलसीचा आणि पी.यू.सी.चा निकाल लागला की आमच्या कार्यालयात पालकांची ये-जा वाढते. पूर्वी प्रश्न असायचा सायन्स घ्यावे की कॉमर्स. आता पालकांच्या हातात एखाद्या संगणक क्लासचे रंगीत पत्रक असते आणि त्यावर ‘रिॲक्ट’, ‘अँग्युलर’, ‘फुल स्टॅक’ असे शब्द छापलेले असतात. प्रश्न एकच असतो, “यातले कोणते शिकवले म्हणजे मुलाला नोकरी लागेल?” कॉलेजात शिकणारे आपले माजी विद्यार्थीही हेच विचारतात. विचारणाऱ्यांपैकी कुणाचे दुर्गदबैलात कापडाचे छोटे दुकान असते, कुणी शिलाईकाम करते, कुणाचा संध्याकाळचा खाण्याचा गाडा असतो. क्लासची फी ही त्यांच्या कित्येक महिन्यांची शिल्लक असते. म्हणून या प्रश्नाला “काहीही शिका, चांगलेच आहे” असे उत्तर देणे आम्हाला योग्य वाटत नाही. या अंकात हा विषय जरा सविस्तर समजून घेऊ या.

फ्रेमवर्क म्हणजे काय?

कोणत्याही वेबसाइटचे दोन भाग असतात. दुकानात जशी दर्शनी बाजू आणि मागचे गोदाम, तसेच हे आहे. गोदाम, वही-खाते आणि हिशेब म्हणजे ‘बॅक-एंड’. गिऱ्हाइकाला जे दिसते, ज्यावर तो बोट ठेवतो, ते ‘फ्रंट-एंड’. ही दर्शनी बाजू तीन गोष्टींनी बनते. एचटीएमएलने पानावर काय आहे ते सांगितले जाते, म्हणजे मथळा, परिच्छेद, चित्र, बटण. सीएसएसने ते कसे दिसावे हे ठरते, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, मांडणी. आणि जावास्क्रिप्टने बटण दाबल्यावर काय घडावे हे सांगितले जाते. ब्राउझरला शेवटी या तीन गोष्टीच लागतात.

मग फ्रेमवर्क कशाला? एक उदाहरण घेऊ. समजा, कापडाच्या दुकानाची वेबसाइट आहे. गिऱ्हाइकाने दोन साड्या निवडल्या. आता पडद्यावर चार ठिकाणी बदल व्हायला हवा. वर पिशवीच्या चित्राजवळ २ हा आकडा, खाली एकूण रक्कम, बाजूला सवलत आणि साडीखाली शिल्लक नग. नुसत्या जावास्क्रिप्टने काम केले तर या चारही जागा एकेक करून शोधाव्या लागतात आणि बदलाव्या लागतात. एक जागा राहून गेली की बिल एक सांगते आणि पिशवी दुसरेच. चार जागांच्या ऐवजी चारशे जागा झाल्या तर गोंधळ आवरत नाही.

फ्रेमवर्क हे काम आपल्याकडून घेते. माहिती एका ठिकाणी ठेवायची, त्या माहितीवरून पडदा कसा दिसावा हे एकदा लिहून ठेवायचे. माहिती बदलली की पडदा आपोआप बदलतो. शिवाय एका साडीचा चौकोन एकदा तयार केला की तोच दोनशे साड्यांना वापरता येतो. याला ‘कॉम्पोनंट’ म्हणतात. शिंपी कागदाचा बेतलेला नमुना जपून ठेवतो आणि त्यावरून कितीतरी सदरे कापतो, तसाच हा प्रकार आहे. पण नमुना हाती आला म्हणून शिवण येत नाही, हेही शिंप्याच्या घरातील मुलांना सांगायला नको.

नावे बदलत गेली

या क्षेत्रातील गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पालकांनी अवश्य पाहावा, कारण फी नेमकी कशासाठी भरायची हे त्यावरून कळते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि पहिली वेबसाइट १९९१ मध्ये सुरू झाली. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत जावास्क्रिप्टचा पहिला नमुना तयार केला. सीएसएसचे पहिले अधिकृत रूप १९९६ मध्ये आले. त्यानंतर या तिन्हींत पुष्कळ भर पडली, पण जुने मोडून टाकले गेले नाही. सर्नने २०१३ मध्ये ती पहिली वेबसाइट मूळ पत्त्यावर पुन्हा उभी केली आणि ती आजच्या मोबाइलमध्येही उघडते.

फ्रेमवर्क आणि तत्सम साधनांचे मात्र तसे नाही. २००० नंतरच्या दशकात ठिकठिकाणच्या मल्टिमीडिया क्लासमध्ये ‘फ्लॅश’ शिकवत असत. त्या वेळी ते फार मोठे नाव होते. अडोबी कंपनीने २०२० च्या अखेरीस फ्लॅश प्लेअर कायमचा बंद केला. २००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी आणली. ती आजही असंख्य जुन्या वेबसाइटमध्ये आहे, पण नवे काम सहसा तिच्यात सुरू होत नाही. २०१० मध्ये गूगलचे अँग्युलर जेएस आले आणि काही वर्षे सगळीकडे त्याचाच बोलबाला होता. मग २०१६ मध्ये गूगलनेच ते मुळापासून नव्याने लिहिले. नव्याचे नाव नुसते ‘अँग्युलर’. जुने काम नव्यात जसेच्या तसे चालत नव्हते. जुन्या अँग्युलर जेएसला मिळणारा आधार २०२१ च्या अखेरीस संपला.

या बदलांत कोण तरले? ज्यांना जावास्क्रिप्ट नीट येत होती त्यांनी काही महिन्यांत नवे शिकून घेतले. ज्यांनी केवळ त्या साधनाच्या आज्ञा पाठ केल्या होत्या त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. टायपिंगची यंत्रे गेली तेव्हाही असेच झाले होते. यंत्र अडगळीत गेले, पण ज्याची बोटे न पाहता चालत होती तो संगणकावरही त्याच गतीने बसला.

आपल्या दुर्गदबैलाचे नावच पाहा. कन्नडमध्ये ‘बयलु’ म्हणजे उघडे मैदान, तेव्हा दुर्गदबैल म्हणजे किल्ल्यापुढचे मैदान. बाजारात हिंडणाऱ्याला आज किल्ला दिसत नाही. मैदानावर मात्र पेठ भरते, दुकाने बदलतात, मालक बदलतात आणि व्यापार चालू राहतो. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट हे आपले मैदान आहे असे समजावे.

आजची तीन नावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आज नोकरीच्या जाहिरातींत मुख्यतः तीन नावे दिसतात.

पहिले रिॲक्ट. हे फेसबुकने, म्हणजे आजच्या मेटा कंपनीने, २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले केले. काटेकोर बोलायचे तर हे पूर्ण फ्रेमवर्क नसून पडदा रंगवण्यापुरते साधन आहे. बाकीच्या गोष्टी, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर जाणे, माहिती साठवणे वगैरेंसाठी आपल्याला दुसरी साधने निवडून जोडावी लागतात. यामुळे मोकळीक मिळते, पण नवशिक्याचा गोंधळही होतो. रिॲक्ट येत असेल तर २०१५ मध्ये आलेल्या रिॲक्ट नेटिव्हने मोबाइलचे ॲप करता येते आणि २०१६ मध्ये आलेले नेक्स्ट जेएस शिकणेही सोपे जाते, कारण ते रिॲक्टवरच उभे आहे.

दुसरे अँग्युलर. हे गूगलचे. यात सर्व साधने एकाच पेटीत मिळतात आणि काम कसे करायचे याचे नियम ठरलेले असतात. टाइपस्क्रिप्ट ही मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये आणलेली, जावास्क्रिप्टवर आधारलेली भाषा त्यासाठी शिकावीच लागते. सुरुवात जड जाते. परंतु ज्या कामात पन्नास माणसे एकत्र राबतात, जसे बँका, विमा आणि मोठ्या कंपन्यांची अंतर्गत कामे, तिथे हे ठरलेले नियम उपयोगी पडतात.

तिसरे व्ह्यू. इव्हान यू यांनी गूगलमधील अनुभवानंतर २०१४ मध्ये ते प्रसिद्ध केले. तिघांत शिकायला सर्वांत सुटसुटीत असे पुष्कळांचे मत आहे. स्वेल्टसारखी आणखीही चांगली साधने आहेत, पण पहिल्या नोकरीच्या दृष्टीने त्यांचा विचार नंतर करावा.

वापर किती आहे? स्टॅक ओव्हरफ्लोने २०२४ मध्ये जगभरातील प्रोग्रामरांची पाहणी केली. वेबची कोणती साधने वापरता, या प्रश्नाला उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोकांनी रिॲक्ट, सुमारे १७ टक्के लोकांनी अँग्युलर आणि सुमारे १५ टक्के लोकांनी व्ह्यू वापरत असल्याचे सांगितले. एक माणूस एकाहून अधिक साधने वापरू शकतो, हे आकडे वाचताना लक्षात ठेवावे.

तेव्हा ज्यांना एका वाक्यात उत्तर हवे त्यांच्यासाठी ते असे आहे: जावास्क्रिप्ट पक्की झाल्यावर बहुतेकांनी रिॲक्ट घ्यावे, ज्याच्या ओळखीच्या किंवा हव्या असलेल्या कंपनीत अँग्युलरवर काम चालते त्याने अँग्युलर घ्यावे, आणि व्ह्यूवर ज्याचे काम आधीच चालू आहे त्याने ते सोडून पळू नये. एका वेळी एकच. तिन्हींची तोंडओळख असलेला उमेदवार मुलाखतीत तिन्हींत अडकतो.

नोकरी देणारे काय पाहतात?

इथे पालकांचा एक मोठा गैरसमज असतो. सगळ्या कंपन्या सारख्याच पद्धतीने मुले घेतात असे त्यांना वाटते.

टीसीएस, इन्फोसिस यांसारख्या मोठ्या कंपन्या नव्या पदवीधरांना घेताना मुख्यतः गणिती विचार, भाषा आणि प्रोग्रामिंगचा पाया तपासतात. नंतर स्वतःच प्रशिक्षण देतात. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रशिक्षण केंद्र त्यासाठी प्रसिद्धच आहे. तिथे कोणत्या प्रकल्पावर, कोणत्या साधनावर काम करायचे हे कंपनी ठरवते. या वाटेने जाणाऱ्या मुलासाठी फ्रेमवर्कच्या प्रमाणपत्रापेक्षा कॉलेजातील गुण आणि प्रोग्रामिंगचा सराव महत्त्वाचा.

लहान कंपन्यांचे उलट असते. त्यांच्याकडे सहा महिने शिकवायला वेळ नसतो. त्या विचारतात, “काय करून दाखवले आहे?” तिथे रिॲक्ट किंवा अँग्युलरवर केलेले काम थेट उपयोगी पडते. पदवी बीसीए असो, बी.एस्सी. असो वा डिप्लोमा, अशा ठिकाणी काम पाहून घेण्याची शक्यता अधिक असते. आपल्या मुलांपैकी अनेकांची पहिली नोकरी अशाच ठिकाणी असते, म्हणून त्यांच्यासाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

आपल्या शहरात संधी किती? हुबळीत बी.व्ही.बी. अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ पासून आहे, आज ते के.एल.ई. तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. धारवाडला आयआयआयटी २०१५ मध्ये आणि आयआयटी २०१६ मध्ये आली. देशपांडे फाउंडेशन लहान गावांतील पदवीधरांना कौशल्ये शिकवते आणि नव्या उद्योगांना आधार देते. हे सर्व आहे. तरीही खरे सांगायचे तर या क्षेत्रातील मोठा रोजगार बेंगळूर आणि पुण्यात आहे, आणि आपण दोहोंच्या जवळजवळ मध्यावर आहोत. बेंगळूर-धारवाड वंदे भारत २०२३ मध्ये आणि हुबळी-पुणे वंदे भारत २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा मुलाखतीला जाणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. मुलींच्या बाबतीत “एकटीला परगावी कसे पाठवायचे” म्हणून विषयच बंद करणाऱ्या पालकांना आमची विनंती आहे की वेबचे काम पुढे घरून किंवा गावातून करण्याची सोय पुष्कळदा मिळते. पहिले वर्ष-दोन वर्षे अनुभवी माणसांच्या शेजारी बसून शिकणे मात्र आवश्यक असते. तेवढ्या काळासाठी मुलीला पाठबळ द्यावे.

दिवस पूर्वीसारखे सोपे नाहीत, हेही लपवू नये. २०२३-२४ या वर्षात टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तीन कंपन्यांची मिळून कर्मचारीसंख्या ६० हजारांहून अधिक घटली. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि आता अशी साधने साधे पान क्षणात लिहून देतात. म्हणजे नुसत्या पाठ केलेल्या आज्ञांची किंमत आणखी कमी झाली. यंत्राने लिहिलेले बरोबर आहे की नाही, चुकले असेल तर कुठे, हे ज्याला सांगता येते त्याची गरज आहे. ते सांगता येण्यासाठी पुन्हा पायाच लागतो.

स्वतः मोजून पाहा

आमचे ऐकावे, क्लासवाल्यांचेही ऐकावे, पण निर्णयापूर्वी एक लहानसा प्रयोग घरी करावा. एक दिवस ठरवा. नोकरी डॉट कॉम किंवा लिंक्डइनवर बेंगळूर, पुणे आणि हुबळी अशा तीन जागा घ्या. अनुभव शून्य ते एक वर्ष असा निवडा. मग रिॲक्ट, अँग्युलर आणि व्ह्यू या तिन्ही नावांनी शोधा आणि मिळालेल्या जाहिरातींची संख्या वहीत लिहा. त्यानंतर प्रत्येक नावाच्या पहिल्या दहा जाहिराती पूर्ण वाचा आणि त्यांत आणखी कोणते शब्द पुन्हा पुन्हा येतात ते टिपा. जावास्क्रिप्ट, टाइपस्क्रिप्ट, गिट, सीएसएस असे शब्द किती वेळा आले ते मोजा. महिन्याने पुन्हा मोजा.

यात एक तास जातो आणि एक पैसाही लागत नाही. पत्रकावरील “लाखोंच्या संधी” या शब्दांपेक्षा ही वही अधिक भरवशाची. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे कोष्टक करून आणले तर ते आम्ही फलकावर लावू.

शिकण्याचा क्रम

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी गत होऊ नये म्हणून क्रम सांगतो. रोज एक तास धरला आहे.

पहिले दोन महिने एचटीएमएल आणि सीएसएस. मोबाइलवर आणि संगणकावर दोन्हीकडे नीट दिसणारे एक पान स्वतः करता आले पाहिजे.

पुढचे चार महिने जावास्क्रिप्ट. फंक्शन, यादीवरची कामे, बटण दाबल्यावर घडणाऱ्या गोष्टी, दुसऱ्या संगणकाकडून माहिती मागवणे आणि ती येईपर्यंत थांबणे, हे विषय टाळून पुढे जाऊ नये. याच काळात गिट शिकावे. कामातील प्रत्येक बदलाची नोंद त्यात राहते आणि चुकले तर मागे जाता येते.

त्यानंतर तीन महिने एक फ्रेमवर्क, आणि शेवटी स्वतःचे एक पूर्ण काम. क्लासमध्ये सर्वांनी मिळून उतरवून घेतलेले काम इथे चालणार नाही. आपल्या वाचनालयातील पुस्तकांची शोधता येणारी यादी करा. गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या वर्गणीचा हिशेब करा. खानावळीचा रोजचा बेत दाखवणारे पान करा. खरे माणूस ते वापरू लागले की खऱ्या अडचणी येतात. आकडा चुकतो, नेट जाते, आजोबांना बटण दिसत नाही. त्या अडचणी सोडवल्याची गोष्ट मुलाखतीत सांगता येते.

खर्चाचे म्हणाल तर लिहिण्यासाठी व्हीएस कोड मोफत आहे, ब्राउझर मोफत आहे, रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू तिन्ही मोफत आहेत. मोझिलाचे एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प यांवर वाचायला व सरावाला भरपूर साहित्य विनामूल्य आहे. सरकारच्या स्वयम् या व्यासपीठावरही संगणकाचे अभ्यासक्रम आहेत. एक साधा संगणक मात्र हवा, केवळ मोबाइलवर हे शिक्षण होत नाही. जुना, वापरलेला संगणकही सुरुवातीला पुरतो.

इंग्रजीची भीती आणि आपल्या भाषांचा फायदा

“आमचा मुलगा मराठी माध्यमाचा, त्याला जमेल का?” हा प्रश्न पालक हळू आवाजात विचारतात. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. नंतर कार्यालयीन कामकाज इंग्रजीत आणि कन्नडमध्ये करावे लागले. तेव्हा ही भीती आम्ही पुस्तकातून सांगत नाही. संगणकाच्या लेखनातील इंग्रजी कथा-कवितेच्या इंग्रजीपेक्षा सोपे असते. वाक्ये छोटी असतात आणि तेच दोन-तीनशे शब्द पुन्हा पुन्हा येतात. रोज पाच शब्द वहीत लिहिले तर तीन महिन्यांत वाचन सुरळीत होते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात संगणकाच्या अनेक विषयांचे पाठ मराठीत, हिंदीत आणि कन्नडमध्येही ऐकायला मिळतात. कल्पना आपल्या भाषेत समजून घ्यावी आणि मग इंग्रजी पान वाचावे.

आपल्या मुलांना एक फायदाही आहे. ती घरी मराठी, बाजारात कन्नड आणि शाळेत हिंदी-इंग्रजी वाचतात. भारतीय भाषांतील वेबसाइटमध्ये बारीक चुका फार असतात. वेलांटी कापली जाते, जोडाक्षर फुटते, कन्नडचे खालचे अक्षर पुढच्या ओळीला चिकटते. ज्याला ती लिपी वाचता येत नाही त्याला चूक दिसतच नाही. एक छोटी गोष्ट सांगतो. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे असते. एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद केली तर काही फॉन्ट आपोआप मराठी वळण दाखवतात. ही एका ओळीची नोंद पुष्कळ ठिकाणी केलेलीच नसते. अशा गोष्टी पाहणारा डोळा आपल्या मुलांकडे आहे, तो त्यांनी कामात आणावा.

फी भरण्यापूर्वी

क्लास लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. काही मुलांना ठरलेली वेळ आणि समोर शिक्षक लागतो. पण आपल्या एका पालकांनी एका संस्थेत मोठी रक्कम भरली, तीन महिन्यांत दोन शिक्षक बदलले आणि नोकरीचे आश्वासन तोंडीच राहिले. असे पुन्हा कोणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. अभ्यासक्रमात जावास्क्रिप्टला किती तास आहेत? आठ-दहा तासांत ती उरकून लगेच फ्रेमवर्क सुरू होत असेल तर तिथे थांबावे.

२. रिॲक्टचे नवे काम कशाने सुरू करता? उत्तर ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ असे आले तर शिकवण्याच्या वह्या जुन्या आहेत असे समजावे. नव्या कामासाठी ते वापरू नये असे रिॲक्टच्या चमूनेच फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. ‘व्हीट’ किंवा नेक्स्ट जेएस असे उत्तर आले तर ठीक. तसेच २०१९ मध्ये आलेल्या ‘हुक्स’ शिकवतात का, तेही विचारावे.

३. शिकवणारे कोण? त्यांनी स्वतः केलेली एखादी वेबसाइट पाहायला मिळेल का? दोन वर्ग फुकट बसू देतील का?

४. “शंभर टक्के नोकरी” हे लेखी देता का? न मिळाल्यास किती रक्कम, किती दिवसांत परत?

५. हप्त्याने फी भरायची असेल तर ज्या कागदावर सही करायची तो पूर्ण वाचावा. हप्ता म्हणून सांगितलेली रक्कम पुष्कळदा वित्त कंपनीचे कर्ज असते. क्लास सोडला तरी ते फेडावे लागते. मुलाची मूळ गुणपत्रिका कोणाकडेही ठेवू नये.

विश्वस्त मंडळास विनंती

आठवी ते दहावीच्या मुलांसाठी बाहेरच्या संस्थेकडून शाळेतच ‘रिॲक्टचा कोर्स’ सुरू करावा, असा एक प्रस्ताव मंडळापुढे आहे. त्यामागची भावना चांगली आहे. आपली मुले मागे राहू नयेत, हीच सर्वांची इच्छा. तरी आमचे मत आदरपूर्वक वेगळे आहे. आठवीचा मुलगा नोकरीच्या बाजारात उतरेल तेव्हा सात-आठ वर्षे झालेली असतील. तोवर आजच्या साधनाचे रूप काय असेल हे कोणी सांगू शकत नाही. अँग्युलर जेएसचे काय झाले ते वर आलेच आहे. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट मात्र त्या वेळीही त्याच्या उपयोगी पडेल, आणि ते आपले शिक्षक शिकवू शकतात.

म्हणून त्याच रकमेतून तीन गोष्टी व्हाव्यात अशी विनंती आहे. संगणक कक्ष शनिवारी दुपारी दोन तास उघडा राहावा आणि त्यासाठी एका शिक्षकाला मानधन मिळावे. वीज गेल्यावर काम बुडू नये म्हणून यूपीएस दुरुस्त व्हावेत. आणि ज्यांच्या घरी संगणक नाही अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांनाही त्या वेळेत बसण्याची मुभा मिळावी, कारण फ्रेमवर्कची निवड खरोखर आज ज्यांच्यापुढे आहे ती हीच मुले आहेत. बेंगळूर-पुण्यात या क्षेत्रात असलेल्या आपल्या समाजातील मंडळींनी सुटीत गावी आल्यावर एखाद्या शनिवारी तासभर मुलांशी बोलावे, ही विनंती त्यांनाही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, फ्रेमवर्कचे नाव ठरवायला एक दिवस पुरतो, ते येण्यासाठी वर्ष लागते. त्या वर्षाची सुरुवात आजच्या एका तासाने करा. कोष्टकाची वही घेऊन मधल्या सुटीत केव्हाही भेटा. पालकांनीही फी भरण्याआधी एकदा शाळेत येऊन जावे, आपण कागद एकत्र वाचू.

आपणा सर्वांना शुभेच्छा.

– मुख्याध्यापक